ऐकण्याचं काम

नटाचं पाठांतर सगळ्यांना दिसतं. त्याचं ऐकणं फारसं कुणी पाहत नाही. मला वाटतं, नटाची पारख तिथेच होते.

समोरचा काय बोलणार हे नटाला ठाऊक असतं. तालमीत ते वाक्य कानावरून इतक्यांदा गेलेलं असतं, की झोपेतून उठवलं तरी तो म्हणून दाखवील. तिसरी घंटा झाली, पडदा उघडला, की तेच वाक्य त्याला पहिल्यांदा ऐकू यायला हवं. कारण पात्राला ते माहीत नाही. नटाला माहीत असलेलं पात्राच्या चेहऱ्यावर क्षणभर जरी उमटलं, तरी प्रेक्षक सावध होतो. मग नाटक घडत नाही, पार पडतं.

पाठ करायला कष्ट लागतात. पाठ असलेलं बाजूला ठेवून उभं राहायला धैर्य.

खोटं ऐकणं लगेच ओळखू येतं. कुणी मान डोलवत राहतो, कुणाचे ओठ समोरच्याच्या वाक्याबरोबर नकळत हलतात, कुणी वाक्याच्या शेवटच्या शब्दावर टपून बसतो. तो शब्द पडला की हा सुरू. घरात, बाजारात आपण असं कधी बोलतो? समोरच्याच्या तिसऱ्या-चौथ्या शब्दालाच आपला श्वास बदलतो, उत्तर गळ्याशी येऊन थांबतं, कधी गिळलं जातं. असं अडवलेलं उत्तर घेऊन जो नट उभा असतो, त्याच्याकडे डोळे आपोआप वळतात. त्या क्षणी वाक्य दुसऱ्याच कुणाचं असलं तरी.

‘नाट्यशास्त्रा’त भरताने अभिनय चार प्रकारचा सांगितला: आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक. सात्त्विक भाव आठ. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. ही यादी सावकाश वाचावी. यातला एकही भाव बोलून दाखवता येत नाही. काही कानी पडलं, काही दिसलं, आणि देहाने त्याला उत्तर दिलं, असे हे भाव आहेत. संगीत नाटकाने आपल्या नटाला गळा दिला, ऐतिहासिक नाटकाने पल्लेदार वाक्यं दिली. कानाचं कौतुक करायला फारसं कुणी थांबलं नाही.

१९६२ साली आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ आलं. प्रभाकर पणशीकरांचा लखोबा लोखंडे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा. साक्षीदार येतात, त्याने नावं बदलून केलेल्या फसवणुका सांगतात, आणि फिरता रंगमंच आपल्याला त्या त्या प्रसंगात नेतो. पणशीकरांच्या वेगवेगळ्या रूपांबद्दल, झटपट बदललेल्या वेषांबद्दल, बोलण्याच्या ढंगांबद्दल लोक भरभरून बोलतात. ते योग्यच आहे. मला मात्र पिंजऱ्यातला लखोबा जास्त अवघड वाटतो. स्वतःची करणी परक्याची म्हणून ऐकायची. लखोबाला सगळं आठवतंय, तो न आठवल्याचं सोंग घेतोय. न्यायाधीशाला सोंग खरं वाटायला हवं, प्रेक्षकाला सोंगामागचं आठवणं कळायला हवं. चेहरा एकच.

पाच वर्षांनी, १९६७ मध्ये, तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. इथलं कोर्ट खेळातलं, आरोपी लीला बेणारे. ते काम सुलभा देशपांडे यांचं. सुरुवातीला बेणारे सारखी बोलते, हसते, टिंगल करते. शेवटच्या अंकात तिच्याविरुद्ध साक्षींमागून साक्षी होतात आणि ती जवळजवळ गप्प असते. अखेर न्यायाधीश झालेले काशीकर तिला बोलायला दहा सेकंद देतात. त्या दहा सेकंदांत बाकीची पात्रं जागच्या जागी थिजतात आणि बेणारेचं लांबलचक स्वगत सुरू होतं.

हे स्वगत सुटं काढून आजवर किती मुलींनी निवडीसाठी म्हटलं असेल! मोठ्या जिद्दीने म्हणतात. पण सुटं काढलं की ते अर्धं होतं. त्या स्वगताची तयारी मागच्या गप्प बसण्यात झालेली असते. एकेक साक्ष आत साचत गेली नसेल, तर फुटायला काही उरतच नाही.

लखोबा ऐकल्याचं लपवतो. बेणारेला ऐकण्यापासून सुटका नाही.

आणि ‘सामना’ चित्रपटातले निळू फुले. श्रीराम लागूंचे मास्तर त्यांच्या हिंदूराव पाटलाला मारुती कांबळेबद्दल विचारतात, पुन्हा पुन्हा विचारतात. शब्द जवळपास तेच. प्रश्न दर वेळी जड होतो, कारण ऐकणारा दर वेळी वेगळा असतो: आधी बेफिकीर, मग त्रासलेला, मग आतून हललेला. वाक्य लेखक लिहितो, नट बोलतो. त्याचं वजन ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर ठरतं.

दशावतारी नटाला ऐकायला शिकवावं लागत नाही. सिंधुदुर्गातल्या एखाद्या देवळापुढे रात्री नाटक उभं राहतं, तेव्हा हातात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं, राजा कोण, राक्षस कोण, स्त्रीपार्ट कुणाचा हे ठरलेलं, संवाद उभ्या उभ्या रचायचे. समोरच्याने पुराणातला दाखला काढला की तोडीस तोड उत्तर तिथल्या तिथे द्यायचं. ज्याने ऐकलं नाही, त्याला पुढचं वाक्यच नाही. लिहिलेल्या नाटकाने नटाला वाक्याची हमी दिली. त्या हमीची किंमत त्याच्या कानाने मोजली.

नटाचा दुसरा कान अंधाराकडे लागलेला असतो. हशा चढत असताना पुढचं वाक्य टाकलं तर ते बुडतं. पूर्ण विरल्यावर टाकलं तर नाटक गार पडतं. उतरणीला लागल्याबरोबर टाकायचं. ही जागा कुठल्याही वहीत लिहून ठेवता येत नाही, कारण दादरच्या शिवाजी मंदिरात ती एका ठिकाणी सापडते आणि तालुक्याच्या गावी उघड्या मैदानावर दुसऱ्या. खोकल्याचंही तसंच. दुसऱ्या अंकात खोकले वाढले, तर नटाने परीक्षणाची वाट पाहू नये. प्रशांत दामले यांनी २०२२ मध्ये १२,५०० प्रयोगांचा टप्पा गाठला. आकडा ऐकून छाती दडपते. तेवढ्या वेळा नव्या अंधाराला कान द्यावा लागला, हेही त्या आकड्यात आहे.

मालिकेच्या सेटवर कान उपाशी राहतो. पानं त्याच दिवशी हातात पडतात. क्लोजअपच्या वेळी समोरचा नट कधी कधी निघून गेलेला असतो. साहाय्यक कोऱ्या आवाजात त्याची वाक्यं वाचतो, आणि कॅमेऱ्याशेजारच्या खुणेकडे पाहत मुलीने वडील गेल्याची बातमी ऐकायची असते. हे जमवणारे नट मोठे कारागीर आहेत. त्यांना हलकं लेखण्याची आपल्याकडची रीत मला मुळीच मान्य नाही. मात्र वर्षानुवर्षं असंच काम केलं तर ऐकण्याची सवय सुटते, आणि सुटते आहे हे नटाला आधी कळतं. मालिकांत चांगलं चाललेलं असताना कमी पैशांत शनिवार-रविवारी नाटकाच्या बसमध्ये चढणारे नट त्यासाठीच चढतात, असं मला वाटतं. समोर जिवंत माणूस हवा असतो.

एक गोष्ट मात्र नटाने ऐकू नये अशी आपली अपेक्षा असते: स्वतःचं घर.

१९११ साली मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. प्रयोग झाला, त्यांची भामिनी रंगमंचावर आली आणि गायली. विठाबाई नारायणगावकर तमाशाच्या रात्री बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. या दोन्ही गोष्टी आपण अभिमानाने सांगतो. त्या दोघांपुढे माझंही मस्तक लवतं. पण त्यांचा दाखला देऊन पुढच्या नटाकडून तेच मागणं क्रूरपणाचं आहे. विठाबाईंना त्या रात्री विश्रांती मिळायला हवी होती. ती देण्याची सोय नव्हती, आणि सोय नसण्याला आपण निष्ठा म्हणतो. कलावंताच्या निष्ठेच्या गोष्टी सांगताना त्याच्या बाजूने कुणी काय केलं, हेही विचारावं.

पुन्हा ऐकणाऱ्याकडे वळू या. ‘नटसम्राट’ १९७० मध्ये आलं. शिरवाडकरांनी लिहिलेली अप्पासाहेब बेलवलकरांची स्वगतं लागूंनी बोलली. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा नटांनी ती पेलली. कुणाचा बेलवलकर सरस, यावर मराठी घरांत वाद रंगले. नाटक पुन्हा लक्ष देऊन पाहिलं की वेगळंच दिसतं. बेलवलकर कोसळतात ते इस्टेट मुलांना देऊन टाकल्याने, मुलांच्या वागण्याने. हे सगळं खरं. तरी त्यांचं कोसळणं पुरं होतं ते पत्नी कावेरी गेल्यावर. जन्मभर त्यांचं बोलणं ऐकून घेणारं माणूस ते. त्यानंतरही म्हातारा बोलतोच, पण त्याचे शब्द कुणापाशी पोचत नाहीत. पुढे बूटपॉलिश करणारा राजा भेटतो, तो ऐकू लागतो, आणि तेवढ्या आधाराने म्हातारा थोडा सावरतो.

मूळ संचात कावेरी होत्या शांता जोग. लागूंची ती लांब वाक्यं चालू असताना त्या काय करत होत्या? कोणत्या शब्दाला मान वर व्हायची, हातातलं काम कुठे थांबायचं, कुठे त्या मुद्दाम पाहायच्या नाहीत? ते प्रयोग पाहिलेली माणसं अजून आपल्यात आहेत. बेलवलकरांविषयी त्यांना पुष्कळ विचारून झालं. आता कावेरीविषयी विचारावं, आणि ती सांगतील ते लिहून ठेवावं.