ओझं आणि ओळख

शहापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची भेंडी भातसा कालव्याच्या पाण्यावर व्हायची. त्याचा साडू मुरबाड तालुक्यातला, तोही भात निघाला की भेंडीच लावायचा. दोघांचा माल वाशीच्या बाजारात जाई. सकाळी तोडलेली भेंडी दुसऱ्या पहाटेपर्यंत गाळ्यावर पोचली पाहिजे, नाहीतर ती काळवंडते आणि भाव पडतो.

शहापूरकराने कर्ज काढून पिकअप घेतली. "आपला माल, आपली गाडी. कुणाच्या पाया पडायला नको!" फेरीचा खर्च म्हणून तो फक्त डिझेल धरायचा. बँकेचा हप्ता, विमा, टायर, ड्रायव्हरचा पगार हे काही त्या हिशेबात नव्हतं. वाशीहून गाडी रिकामी परतायची. पावसाळ्यात शेतात भात असायचा, तेव्हा गाडी ताडपत्रीखाली उभी आणि हप्ता चालू.

मुरबाडकराने गावातल्या टेम्पोवाल्याला माल लावून दिला. टेम्पोवाला अनेक घरांचे क्रेट उचलायचा आणि येताना मुरबाडच्या दुकानांचा किराणा भरून आणायचा. दोन्हीकडचं भाडं सुटत असल्यामुळे क्रेटमागे तो थोडंच घ्यायचा. पट्टी आणि पैसेही तोच घरपोच द्यायचा. मुरबाडकर निवांत झाला. माल कोणत्या गाळ्यावर उतरतो, व्यापारी काय म्हणतो, हे त्याने कधी विचारलं नाही.

पुढे गाळेवाल्याने टेम्पोवाल्याला सांगितलं, "लांब, जाड भेंडी नको. बारीक, कोवळी आण. बाहेरदेशी पाठवणारे ती चढ्या भावाने उचलतात." टेम्पोवाला गाडी भरताना जे भेटले त्यांना हे बोलला. मुरबाडकराचे क्रेट गडी रस्त्यावर ठेवून जायचा, त्यामुळे त्याच्यापर्यंत निरोप पोचलाच नाही. भाव उतरत गेला, तेव्हा तो स्वतः वाशीला गेला. गाळेवाल्याने त्याला खालीवर न्याहाळलं आणि विचारलं, "तुम्ही कोण? हा माल तर टेम्पोवाल्याचा ना?"

पौष पौर्णिमेला म्हसा गावच्या जत्रेत दोघे साडू भेटले. सासरेही बैलबाजार बघायला आले होते. भिवंडीच्या गोडाऊनांत हमालीपासून मुकादमीपर्यंत त्यांचा जन्म गेला होता. दोघांनी आपापलं रडगाणं गायलं आणि विचारलं, "मामा, आमच्यात चुकलं कोणाचं?"

सासरे म्हणाले, "जावईबापू, मुंबईत जकात होती तेव्हा कंपन्यांचा माल वेशीबाहेर, भिवंडीत उतरायचा. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, जकात गेली. दर राज्यात वेगळं गोडाऊन ठेवायची गरज उरली नाही, तशी गोडाऊनं आणखी मोठी झाली. पण एक गोष्ट बदलली नाही. गोडाऊन एकाचं, ट्रक दुसऱ्याचा, हमाल तिसऱ्याचे. ज्या कंपनीचा माल, तिचं माणूस तिथे क्वचितच दिसायचं. तरी कुठली पेटी कुठल्या दुकानात गेली, कुठली परत आली आणि का आली, हा हिशेब रोज कंपनीकडे गेलाच पाहिजे. त्यात एक दिवस खाडा झाला, तर ठेकेदाराचं बिल अडायचं."

मग ते शहापूरकराकडे वळले. "तुम्ही गाडी घेतलीत आणि अर्धी वाट रिकामी हाकलीत. परतीचं भाडं शोधा, शेजाऱ्यांचा माल भरा, नाहीतर गाडी विका." मुरबाडकराला म्हणाले, "तुम्ही भाड्याची गाडी लावलीत, ते शहाणपणाचं. पण मालाबरोबर गिऱ्हाईकही देऊन टाकलंत. आता समृद्धी महामार्ग शहापुरातून आमणेपर्यंत खुला झालाय, भाड्याच्या गाड्यांना तोटा नाही. गिऱ्हाईक मात्र भाड्याने मिळत नाही."

शहापूरकराने शेजारच्या शेतकऱ्यांचे क्रेट घ्यायला सुरुवात केली आणि परतीला खताचं भाडं धरलं. मुरबाडकराने टेम्पो तोच ठेवला, पण प्रत्येक क्रेटवर आपल्या नावाची चिठ्ठी लावली, गाळेवाल्याला रोज स्वतः फोन केला आणि त्याला हवी तशी कोवळी भेंडी तोडली. टेम्पोवाल्यालाही बरं वाटलं. मालावरून होणारी बोलणी आता त्याला खावी लागत नव्हती.

तात्पर्य: ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर खुशाल द्यावं, पण गिऱ्हाइकाची ओळख आणि मालाचा हिशेब आपल्याकडेच ठेवावा.