सोंगाचा तह



गेल्या नाताळाच्या सुटींत माझ्या घरीं मुलांचा एक खेळ चालला होता. त्यावरून एक प्रश्न माझ्या मनांत उभा राहिला, तो मंडळींतील बंधुभगिनींपुढें व विशेषेंकरून उपदेशकबंधूंपुढें मांडावा असें मला वाटतें. प्रश्न हा कीं, वैऱ्याशीं समेट करण्याचें नुसतें सोंग घेणें हें ढोंग म्हणून टाकावें, कीं त्यांत कांहीं कस आहे?

खेळ प्रथम समजावून सांगितला पाहिजे, कारण आपल्या खेड्यापाड्यांत तो फारसा कोणास ठाऊक नाहीं. चार-पांच जण मेजाभोवतीं बसतात. प्रत्येक जण एक पात्र होतो. कोणी योद्धा, कोणी वैद्य, कोणी चोर. एक जण खेळ चालवितो. तो प्रसंग सांगतो, आणि 'आतां तुम्ही काय करितां?' असें विचारतो. मग ज्यानें त्यानें आपल्या पात्रास शोभेल तें बोलावयाचें. निकाल बहुधा फांशांवर लागतो. ह्या जातीचा पहिला छापील खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा होय. तो गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनीं रचिला, व अमेरिकेंत विस्कॉन्सिन प्रांतांतील लेक जिनीव्हा ह्या गांवीं १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचें कूळ मात्र लढाईचें. प्रशियाच्या सैन्यांतील रायस्विट्झ नांवाच्या अधिकाऱ्यानें सेनाधिकाऱ्यांस युद्ध शिकविण्याकरितां नकाशावरचा एक खेळ १८२४ सालीं पुढें आणिला होता. त्याच वंशांतलें हें लेंकरूं. १९८० नंतरच्या दहा वर्षांत अमेरिकेंतील पुष्कळ ख्रिस्ती लोकांनीं, हा खेळ चेटूक शिकवितो, असा मोठा गहजब केला. मलाहि संशय होता, म्हणून जवळ बसून पाहिलें. त्यांत राक्षस व मांत्रिक येतात हें खरें. परंतु आमचीं मुलें कोणास भजत नव्हतीं, बेरजा-वजाबाक्या मात्र फार करीत होतीं.

त्यांतील एक गोष्ट मला विचार करण्याजोगी वाटली. समोर आलेल्या परक्यानें लढलेंच पाहिजे असा नियम त्या पहिल्या पुस्तकांतहि नाहीं. दोन फांसे टाकावयाचे. बेरीज अगदीं थोडी आली तर तो अंगावर येतो, पुष्कळ आली तर पुढें केलेला हात धरितो, आणि मधली आली तर घुटमळत उभा राहतो. आपल्या गांवांतले भाऊबंद बहुधा ह्या मधल्या बेरजेचेच असतात.

खेळ चालविणारा माझा भाचा होता. तो शहरांत नोकरीस आहे. मुलांनीं दर सुटींत हीच एक कथा खेळत आणिली होती. तींत त्यांची कोणा डोंगरी नायकाशीं लढाई चाले. त्या रात्रीं तहाची बोलणीं व्हावयाचीं होतीं. भाचा म्हणाला, "मामा, नायकाच्या बाजूनें तुम्ही बोला. उपासनेंत बोलतां, इथेंहि बोला." नायकानें तीन गांवें जाळलीं व नदीचा उतार अडवून धरला, एवढें मीं ऐकलें होतें. त्याचें कारण भाच्यानें माझ्या कानांत सांगितलें. वरचा झरा आटला होता, म्हणून ते लोक खालीं उतरले होते.

मीं गंमत म्हणून आरंभ केला. "तुम्ही नगरांत विद्या शिकत होतां, त्या वर्षीं पाणी गेलें. खडक आम्हीं फोडला. कर्ज आमच्या डोक्यावर झालें. पाणी लागलें, तेव्हां तुम्हांस आपला निम्मा वांटा आठवला." एवढें बोलून मी थांबलों. डोंगरी नायकास कर्ज देणारा सावकार त्या कथेंत कोणी नव्हता. हें बोलणें माझ्या वडील भावाचें होतें. भाच्यानें माझ्याकडे पाहिलें व मग तो फांसे गोळा करूं लागला. दोघां मामांचें काय झालें आहे हें त्यास ठाऊक होतें.

वाचकहो, सांगावयास लाज वाटते, पण सांगितलें पाहिजे. वडिलांच्या मागें राहिलेल्या जमिनींत आम्हां दोघांची सामाईक विहीर आहे. पाण्याची पाळी आठ दिवसांची, चार त्याचे व चार माझे. एका दुष्काळांत त्यानें विहीर खोल केली, व नंतर सहा दिवस आपण घेऊं लागला. माझ्या वांटेकऱ्याचा हरभरा वाळला. तेव्हां मीं दादाच्या अंगणांत चार माणसांदेखत त्यास पाणीचोर म्हटलें. त्यास सहा वर्षें झालीं. तो आपल्या गांवच्या मंडळींत प्रभुभोजन घेत असे व मी माझ्या मंडळींत तें देत असें. वेदीपाशीं अर्पण ठेवून आधीं भावाकडे जाण्याची प्रभूची आज्ञा मत्तयाच्या पांचव्या अध्यायांत आहे. तिजवर मीं ह्या सहा वर्षांत उपदेश केले नाहींत असें नाहीं.

आतां प्रश्नाकडे वळूं. शुभवर्तमानांत परूश्यांस ढोंगी म्हटलें आहे, तेथें मूळ ग्रीक भाषेंत जो शब्द आहे तो नाटकांतील नटासहि लावीत. मग सोंग घेणारा प्रत्येक जण ढोंगी झाला काय? मला तसें वाटत नाहीं, व त्याचें कारण शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायांत सांपडतें. अबशालोमानें आपला भाऊ अम्नोन ह्यास मारविलें, आणि गशूर येथें पळून जाऊन तो तीन वर्षें राहिला. दावीद राजाचें मन मुलाकडे ओढ घेई, पण पाऊल पुढें पडेना. तेव्हां यवाबानें तकोवा येथील एका शहाण्या बाईस सुतकाचीं वस्त्रें घालावयास लाविलें, तिच्या तोंडीं शब्द घातले, व तिला राजापुढें पाठविलें. आपण विधवा आहों, आपल्या दोन मुलांचें शेतांत भांडण झालें, सोडवावयास कोणी नव्हतें, एकानें दुसऱ्यास ठार केलें, आणि आतां कुळांतले लोक उरलेल्याचा जीव मागतात, असें तिनें सांगितलें. राजानें त्या परक्या मुलास अभय दिलें. मग तिनें तेंच माप राजाच्या घरास लाविलें. ढोंगी मनुष्य बरा दिसावा म्हणून तोंड झांकतो. ह्या बाईनें नसलेलें दुःख अंगावर घेतलें तें राजास त्याचें स्वतःचें दुःख दिसावें म्हणून. वैऱ्याच्या जागीं बसून बोलणें हें ह्या दुसऱ्या जातीचें सोंग आहे. सहा वर्षांत दादाची बाजू मीं एकदांहि मोठ्यानें उच्चारली नव्हती. त्या रात्रीं ती माझ्याच तोंडून निघाली, आणि मला ती खोटी पाडतां येईना.

पण तकोवाची गोष्ट एवढ्यावर संपत नाहीं. अबशालोम यरुशलेमास परत आला खरा, परंतु राजानें त्यास आपलें तोंड पाहूं दिलें नाहीं. दोन वर्षें एका नगरांत राहून बापलेकांची भेट नाहीं. यवाबानें मध्यस्थी करावी म्हणून अबशालोमानें त्याच्या जवाच्या शेतास आग लावविली, तेव्हां कोठें राजानें त्याचें चुंबन घेतलें. तोंवर उशीर झाला होता. पुढचें बंड व अबशालोमाचा शेवट सर्वांस ठाऊक आहे. बाईनें आपलें काम केलें, राजानें आपलें केलें नाहीं.

आमच्याहि खेळांत तह फार सुरेख झाला. नदीचा उतार मोकळा झाला, झऱ्याचें पाणी वांटून दिलें, मुलांनीं टाळ्या वाजविल्या, घरांतून करंज्यांचें ताट आलें. मलाहि मोठें समाधान वाटलें, व त्याच समाधानाचें मला दुसऱ्या दिवशीं भय वाटूं लागलें. कोणाच्या पदरचा एक दाणा न जातां हा समेट झाला होता. सगळीं सोंगें घेतां येतात, पैशाचें घेतां येत नाहीं, अशी आपल्यांत म्हण आहे. पाण्याचेंहि घेतां येत नाहीं. क्षमेची गोडी अशी फुकट चाखून मनुष्य घरीं निजावयास जातो, ही ह्या खेळाची खरी भीति. राक्षसांची मला फारशी वाटत नाहीं. कित्येकदां आमचे उपदेशहि ह्याच जातीचे असतात.

तिसऱ्या दिवशीं मी गांवीं गेलों. दादा विहिरीवर मोटर उघडून बसला होता. "आलास?" एवढेंच म्हणाला. पाणीचोर म्हटल्याबद्दल मीं त्याची क्षमा मागितली. त्यावर तो कांहीं बोलला नाहीं. विहीर खोल करावयास खर्च किती आला, असें मीं विचारलें. तेव्हां घरीं नेऊन त्यानें पेटींतून एक वही काढली. सुरुंग, मजुरी, व्याज, सर्व तारीखवार लिहिलें होतें. वहिनीनें जेवण वाढीपर्यंत आम्हीं ती वाचली. माझा निम्मा वांटा मीं कागदावर मांडला, तो दादानें पाहिला व विचारलें, "मोटरीचा खर्च धरलास का?" तो धरला नव्हता, मग धरला.

पैसे तीन हप्त्यांनीं द्यावयाचे ठरलें आहे, पहिला होळीच्या आधीं. ते फिटेपर्यंत पाळी सहा व दोन अशीच राहील. वांटेकऱ्यास हें मीं सांगितलें, तो माझ्यावर रागावला आहे. त्याच्याकडे उद्यां जावयाचें आहे.