तुपाची वाटी आणि म्हातारे कुत्रे

पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे नामदेवराय तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आम्ही कीर्तनात नेहमी सांगतो. मग घरचे लहानखुरे कुत्रे दहा-बारा वर्षांचे झाले, तर त्यालाही तूप वाढावे काय? नाही, मायबापहो! तुपाने त्याचे स्वादुपिंड सुजू शकते. प्रसादातल्या बेदाण्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. हिरड्या दुखू लागल्या की त्याला मऊ अन्न हवे, बेताचे फिरणे हवे, सहा महिन्यांनी पशुवैद्याची तपासणी हवी.

मग नामदेवरायांची वाट सुटली का? मुळीच नाही. कठोपनिषद श्रेय आणि प्रेय वेगळे सांगते. लाडाने भरवून आपण सुखावतो, ते प्रेय. त्या जिवाचे हित, ते श्रेय. भूतदया श्रेयाकडेच पाहते. दारी आलेल्या विठ्ठलाला पथ्य असेल, तर पथ्याचेच पान वाढावे!