आतली शिवण

आमच्या वन्सं परवा चार दिवस माहेरपणाला आल्या होत्या. दुपारची जेवणे आटोपली, स्वयंपाकघर आवरून झाले आणि मी नेहमीप्रमाणे खिडकीशी माझा पत्र्याचा डबा उघडून बसले. डब्यात चिंध्या, रिळे, मण्यांच्या पुड्या आणि एक साडेअकरा इंची बाहुली. तिच्या नऊवारीला काठ जोडण्याचे काम दोन दिवस चालले होते. वन्सं बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "वहिनी, एवढ्या वेळात एखाद्या तान्ह्या पोराची चार झबली झाली असती हो!"

हा टोमणा असता, तर उत्तर सोपे होते. टोमण्याला टोमण्याने उत्तर देण्याची विद्या सासरी पंचेचाळीस वर्षे राहून माणसाला आपोआप येते. पण वन्संचा स्वभाव कुत्सित नाही. त्यांनी साधा हिशेब मांडला होता, आणि तो बरोबर होता. म्हणूनच तो माझ्या मनातून जाईना.

आधी छंदाची हकिकत सांगायला हवी. हौशी लोक ज्या बाहुल्या जमवतात त्या मुलांच्या हाती पडत नाहीत. भातुकलीतली बाहुली मळते, तिचा हात तुटतो, तिचे लग्नही लागते. या बाहुल्या मात्र काचेच्या कपाटात उभ्या असतात. माझ्या भाचीकडे अशा चाळीसएक बाहुल्या आहेत आणि त्यांची शिंपीण मी. बाहुली माणसाच्या साधारण एक षष्ठांश. तेव्हा ९ वारांचे लुगडे दीड वारात बसते, ४८ इंचांचा पन्हा ८ इंचांवर येतो. इथवर त्रैराशिक सोपे आहे. पण कापडाच्या जाडीला कोणी सहाने भागू शकत नाही! आपल्याला जे सुती कापड मऊ वाटते, ते बाहुलीच्या अंगावर ताडपत्रीसारखे ताठ उभे राहते. निऱ्या पडतच नाहीत. म्हणून धुऊन धुऊन विरत आलेले मलमल, आजेसासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा मधला भाग, असले काही शोधावे लागते. काज करायला जागा नसते, तेव्हा बटणाच्या जागी मणी आणि काजाच्या जागी दोऱ्याचा फास. आणि हे सगळे झाल्यावर मी चोळीच्या आतल्या कडाही दुमडून, बारीक टाके घालून बसवते. त्या कोणाला दिसत नाहीत. बाहुलीला त्या टोचत नाहीत. तरी पण मला कच्ची कड बघवत नाही.

वन्संच्या हिशेबाला द्यायला मी मनात दोन-तीन उत्तरे तयार केली. पहिले असे की, सगळेच जण वेळ घालवतात. कोणी पत्ते कुटतो, कोणी दूरदर्शनपुढे बसतो. पण शेजाऱ्याने कर्ज बुडवले म्हणून आपले फिटत नाही. दुसरे उत्तर, ही कला आहे. हा शब्द उच्चारताना मला स्वतःलाच हसू आले. बाहुलीच्या चोळीला एवढा मोठा शब्द नेसवला, तर तो तिच्या पायात घोळणारच. तिसरे, मी चिंध्याच वापरते, कोणाचे काही घेत नाही. पण वन्सं कापडाबद्दल बोलल्याच नव्हत्या. त्या वेळेबद्दल बोलत होत्या.

मग मला पॅरिसची गोष्ट आठवली. १९४४ च्या ऑगस्टमध्ये ते शहर जर्मनांच्या तावडीतून सुटले, तेव्हा तिथे ना पुरेसे अन्न होते, ना जळण, ना कापड. अशा वेळी तिथल्या नामांकित शिंप्यांनी काय करावे? त्यांनी बाहुल्यांना कपडे शिवले! तारेच्या अंगाच्या, सुमारे २७ इंच उंचीच्या दोनशेहून अधिक बाहुल्या. माणसांचे पोशाख करण्याइतके कापड नव्हते, म्हणून एक तृतीयांश मापाचे पोशाख. 'थेआत्र द ला मोद' या नावाने १९४५ च्या मार्चमध्ये त्यांचे प्रदर्शन लूव्रच्या इमारतीत भरले. लोक रांगा लावून आले आणि तिकिटांचे पैसे युद्धात होरपळलेल्यांच्या मदतीला गेले. त्यांतल्या बऱ्याच बाहुल्या आज अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या मेरीहिल संग्रहालयात आहेत.

ही गोष्ट वन्संना सांगावी म्हणून मी उठलेच होते. पण अर्ध्या वाटेवरून परत फिरले. कारण त्या बाहुल्यांनी मदतनिधी उभा केला. माझ्या बाहुल्या कोणाच्या मदतीला जातात? दुसऱ्याचे पुण्य आपल्या खात्यावर मांडण्यात अर्थ नाही. तरी त्या हकिकतीतला एक तपशील मला सोडीना. त्या बाहुल्यांना आतले कपडेसुद्धा नीट शिवलेले होते आणि त्यांची बारीक बटणे खरोखरच लागत होती. आतल्या कपड्यांनी एकही तिकीट जास्त खपले नसेल. थंडीने कडकडलेल्या बोटांनी ते का शिवले? मला वाटते, आपला हात अजून नीट काम करू शकतो, हे त्या माणसांना स्वतःपाशी सिद्ध करायचे असावे. हलाखीत माणूस आधी आतली शिवण सोडतो. आणि ती सोडली की बाहेरचीही फार दिवस टिकत नाही.

पण याच टाक्याची दुसरी एक बाजू आहे. १९५९ साली अमेरिकेत बार्बी नावाची बाहुली आली, ती आता जगभर ठाऊक झाली आहे. तिचे ते पहिलेवहिले कपडे जपानमध्ये शिवून घेतले गेले, आणि त्यांतले पुष्कळसे काम तिथल्या बायकांनी आपापल्या घरी बसून, मजुरीवर केले. तीच इवली बटणे, तोच बारीक टाका. मी तो हौसेने घालते, त्यांनी तो पोटासाठी घातला. म्हणजे टाक्यात मुळात पुण्य नाही आणि पापही नाही. फरक आहे तो फावल्या वेळाचा. आणि माझा फावला वेळ आला कुठून? सकाळी दुसरी एक बाई माझी भांडी घासून जाते, तेव्हा माझी दुपार मोकळी होते. तिची दुपार मात्र पुढच्या घरी जाते.

हा विचार सुचला आणि मी दचकले. योगायोग असा की, त्याच बाईंना पंधरा दिवसांपूर्वी नात झाली होती. वन्संचा हिशेब चुकता करायची याहून चांगली संधी कोणती? मी दुकानातून कोरे, छान फुलाफुलांचे सुती कापड आणले, मशीन उघडले आणि एका दुपारी धडाधडा चार झबली उतरवली. संध्याकाळी मोठ्या तोऱ्याने ती बाईंच्या हाती दिली. बाईंना आनंद झाला. त्यांनी एक झबले उलटे केले, आतल्या बाजूवरून बोट फिरवले आणि अगदी संकोचून म्हणाल्या, "काकू, लई गोड झालीत. पण ही आतली शिवण बाळाला टोचंल का हो?"

मी पाहिले. कड कच्ची होती. दोरे लोंबत होते. कापड नवे, खळीने कडक. तान्ह्या मुलाला जुने, मऊ कापड घालावे हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. माझ्याजवळ तसे कापड होते. पण ते बाहुलीसाठी राखलेले होते! जिला काहीच टोचत नाही तिच्या चोळीची आतली कड मी डोळे फोडून बसवली होती, आणि जिला टोचणार तिच्या झबल्याला मी मशीनवर मारून मोकळी झाले होते.

झबली मी परत मागून घेतली. आजेसासूबाईंच्या लुगड्यातून नवी कापली, दहा नंबरच्या सुईने हातशिलाई केली, बंद जोडले. चारांना सहा दिवस लागले. बाहुलीची नऊवारी तेवढे दिवस डब्यात पडून राहिली; तिने तक्रार केली नाही.

वन्संचा हिशेब अजून पुरता फिटलेला नाही, हे मी जाणते. बाईंची दुपार अजून पुढच्या घरीच जाते आणि चार झबल्यांनी ती मोकळी होत नाही. पण आपले कुठे चुकत होते, एवढे मला कळले. वेळ बाहुलीला दिला हे काही पाप नव्हते. निगुती बाहुलीला आणि उरकणे माणसाला, ही वाटणी चुकीची होती. छंदात आपण जो हात घडवतो, तो कपाटातल्या काचेआडच ठेवायचा आणि माणसांसाठी दुसरा, घाईचा हात वापरायचा, हे काही खरे नव्हे. दान करताना तर आपल्याकडून हे हमखास होते. देतो आहोत एवढ्यावरच आपण खूश असतो, आतून बोट फिरवून पाहत नाही.

वन्संना मी हे सगळे पत्राने कळवले. त्यांचे उत्तर चार ओळींचे आले. दिवाळीला येताना आईचे एक जुने पातळ घेऊन येते, फार मऊ झाले आहे, असे त्यांनी लिहिले आहे. ते बाळासाठी की बाहुलीसाठी, हे मात्र त्यांनी लिहिलेले नाही.