कर्ता कुठे गेला?

शाळेत कर्मणी प्रयोग शिकलो. त्याचा उपयोग कचेरीत कळला. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने सरकारी कागदांत मराठी आणली, पण कर्ता काही आणला नाही! 'आपल्या प्रकरणी उचित कार्यवाही करण्यात येत आहे' हे वाक्य मी तीस वर्षे लिहिले. कोण करतोय, हे विचारायची पद्धत नाही.

एकदा पेन्शनसाठी एक आजी तेच पत्र घेऊन आल्या. "बाळा, हे हो आहे की नाही?"

आता काय सांगणार? फाइल माझ्याच टेबलावर, तळाशी. पत्रातला एकेक शब्द रीतसर. मग खोटं नेमकं कुठं होतं?

"आजी, मी विसरलो."

"मग तसं लिहायचं ना," म्हणत त्या बाकावर टेकल्या. "काढ. मी थांबते."