शपथभंग आणि शिस्त

सावंतवाडीजवळच्या तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले सँडहर्स्टला शिकून ब्रिटिश राजाचे लष्करी अधिकारी झाले. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले; युद्धकैदी भोसले आझाद हिंद सेनेत गेले आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये नेताजींच्या हंगामी सरकारात मंत्री झाले. पुढे स्वतंत्र भारताचे पुनर्वसन उपमंत्री असताना १९५४ मध्ये त्यांनी निर्वासित मुलांसाठी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. शपथ मोडणाऱ्याला शिस्त शिकवण्याचा अधिकार कोणता?

परक्या राजाला दिलेली शपथ मुळातच बंधनकारक नव्हती, हे उत्तर सोयीचे आहे; पुरेसे नाही. जपानी छावण्यांत हाल सोसूनही शपथ न मोडणारे भारतीय सैनिक होतेच. शिवाय, मुक्तीसाठी ज्या जपानी सैन्याचे साहाय्य घेतले, त्याने सिंगापुरात चिनी नागरिकांची कत्तल केली होती. म्हणजे भोसल्यांपुढील कोणताही पर्याय निष्कलंक नव्हता.

शिस्त म्हणजे केवळ आज्ञापालन मानले, तर हा अधिकार संपतो. निवडीचे उत्तरदायित्व पत्करणे म्हणजे शिस्त मानली, तर तो उरतो. मात्र त्या निवडीतील कलंकासह. पिंपरीत वसलेल्या सिंधी निर्वासितांना फाळणीने निवडीची फारशी मुभाच दिली नव्हती. अशांच्या मुलांना आज्ञापालनाहून वेगळी शिस्त शिकवायची, तर गुरूने आपला शपथभंग लपवून चालणार नाही.