घरची बिअर आणि शेजारचा माणूस

स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने, कुटुंबापुरती बिअर तयार करण्यात नैतिकदृष्ट्या आक्षेपार्ह ते काय? नागपुरातील एखाद्या सुशिक्षित तरुणाला विचारले तर तो हसून 'काहीच नाही' असे म्हणेल. त्याचे म्हणणे सहजासहजी उडवून लावण्यासारखे नाही.

नवशिक्याच्या पहिल्या प्रयत्नात एक प्रकारची साधनाच असते. मोड आणून वाळवलेले जव भरडायचे, सुमारे ६५ अंश उष्ण पाण्यात तासभर ठेवून त्यातील पिठूळ अंशाची साखर होऊ द्यायची, तो गोड रस हॉप्सच्या फुलांसह उकळून गार करायचा, यीस्ट घालायचे आणि मग दोनेक आठवडे स्वस्थ बसायचे. हे स्वस्थ बसणेच कठीण! झाकण उघडून पाहण्याचा मोह आवरला नाही तर रस नासण्याची भीती. आंबणे पुरते थांबण्याआधीच बाटल्या भरल्या तर वायूच्या दाबाने त्या फुटायच्या. शिवाय हवा वीस अंशांच्या आसपास हवी. पारा ४५ वर नेणाऱ्या नागपूरच्या उन्हाळ्यात हा उद्योग आरंभणाऱ्याचे धाडसच म्हणायचे. डिसेंबर मात्र सोयीचा. आपल्या कित्येक घरांतील बरण्यांत तेव्हा नाताळचा द्राक्षारसही मुरत असतो.

ख्रिस्तसभेने मद्याला कधी पाप म्हटले नाही. पाप म्हटले ते मद्यपीपणाला. काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियम लिहिले, त्यांतही रोजच्या द्राक्षारसाचे माप ठरवून दिले आहे. तेव्हा प्रश्न भांड्यातल्या पदार्थाचा नव्हे.

प्रश्न शेजाऱ्याचा आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. आपल्या नाताळच्या बरण्याही त्यातून सुटत नाहीत. पण हा कायदा प्रत्यक्षात कोणाच्या दारात पोहोचतो? पूर्व विदर्भातल्या रानाकडेला मोहफुलांची दारू गाळणाऱ्या बाईची मडकी फुटतात, तिच्यावर खटला होतो. शहरातल्या सदनिकेतील बादलीकडे कोणी फिरकत नाही. तिचा तो गुन्हा, याचा तो छंद!

यावर आपला तरुण म्हणेल, 'मग कायदाच अन्याय्य. तो मी का पाळावा?' समाजावर विषम भार टाकणारा कायदा अन्याय्य होय, असे संत थॉमस अक्वायनस यांनी म्हटले आहे, हे खरे. परंतु तो विषम भार पडला आहे त्या बाईवर. या तरुणाला उलट त्या विषमतेचा लाभच मिळतो आहे. दुसऱ्याच्या अंगावरची जखम दाखवून स्वतःसाठी सूट मागणे कोणत्या न्यायात बसते?

आणि कायद्याची दुसरी बाजूही आहेच. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली, ती लोकांच्या आंदोलनामुळे. दारूने संसार उद्ध्वस्त झालेल्या स्त्रियांचा त्यात मोठा वाटा होता. चंद्रपुरात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठली, तेव्हा पुष्कळ स्त्रियांना तो आपला पराभव वाटला असल्यास नवल नाही. ज्याच्यामुळे भाऊ अडखळतो ते खाण्यापिण्याचे स्वातंत्र्य सोडून द्यावे, असे संत पौल रोमकरांस सांगतो. तो स्वातंत्र्य नाकारत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. ते कोणासाठी सोडायचे एवढेच विचारतो.

म्हणून परवानगी नसताना हा छंद करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घरगुती वापरापुरती सूट मागायला मात्र हरकत नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात आदिवासी कुटुंबांना अशी मर्यादित सवलत आहे. आपल्याकडे कोणी तसा अर्ज करणारच असेल, तर त्यात जवाच्या बादलीबरोबर मोहाच्या मडक्याचाही उल्लेख हवा, आणि तो लिहिण्यापूर्वी गडचिरोलीतल्या त्या बायांशी एकदा बोलायला हवे.